सांडव्यावरची पोती

२०२० च्या मे महिन्यात आमच्या तळ्याच्या बांधाच्या पायथ्याला घोंगडीएवढा एक तुकडा हिरवागार होता. खटाव तालुक्यातला मे म्हणजे काडी लावली तर अख्खं रान भडकेल इतकं सगळं वाळलेलं, आणि इथं लव्हाळा टरारून उठलेला. शेळ्या दुपारच्या तिथंच जाऊन बसायच्या, गार लागतं म्हणून. मीही "बरंय, शेळ्यांना चार ओल्या काड्या मिळतात" एवढ्याच नजरेनं त्याच्याकडं पाहिलं. लव्हाळा ओल असल्याशिवाय येत नाही आणि मेमध्ये तिथं ओल यायला एकच वाट आहे, हे तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

आमचा बांध खासगी आहे. सरकारी पाझर तलाव नाही, शेततळंही नाही. माझे सासरे नाना आणि त्यांचे दोन भाऊ, तिघांनी मिळून १९८६ साली स्वतःच्या रानातून जाणाऱ्या ओढ्यावर तो घातला. बहात्तरच्या दुष्काळात नाना विशीतले होते. तेव्हा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि मुकादमाचं बघून बघून शिकले ते एवढं: मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग आणि जास्तीचं पाणी जायला कडेला सांडवा. केण्यांना बैल जुंपून माती ओढली, गाढवांवरून वाहिली, दोन उन्हाळे गेले. लांबी ११० मीटर, ओढ्याच्या मधोमध उंची साडेसहा मीटर. भरला की पाणी हेक्टरभर पसरतं. सरासरी दोन मीटर खोली धरली तर २ कोटी लिटर. मला या आकड्याचा अर्थ बरीच वर्षं "कांद्याची सोय" एवढाच वाटायचा. बांधाच्या खाली चारशे मीटरवर, ओढ्याच्या अगदी काठाला सहा घरांची वस्ती आहे. तो आकडा आणि ती सहा घरं मी कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

सातबाऱ्यावर आज नऊ नावं आहेत. त्यातली सहा माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कुणी तमिळनाडूत, कुणी केरळात. आमचे हेही त्यातलेच. लॉकडाऊनमध्ये घरी आले होते, गणपती करून परत गेले. तळं नऊ जणांचं, पण ते बघायचं नानांनी आणि मी.

आता पाइपाबद्दल. १९९४ साली कांद्याच्या पाण्याला डिझेल परवडेना म्हणून नानांनी उन्हाळ्यात बांध कापला, तळाशी चार इंची पीव्हीसी पाइप आरपार घातला, माती परत ढकलली आणि खालच्या तोंडाला व्हॉल्व्ह बसवला. इंजिन नको, लाइटची वाट बघायला नको, चाक फिरवलं की पाणी रानात. आसपासच्या वाड्यांवरची माणसं बघायला यायची म्हणे. सव्वीस वर्षं त्या पाइपानं आमचा कांदा भिजवला, त्या कांद्यावर यांच्या दुकानाचं भांडवल उभं राहिलं. त्या पाइपाबद्दल घरात वाकडं बोलायची कुणाची छाती नव्हती.

आमच्याकडचा पाऊस परतीचा. एकाच सातारा जिल्ह्यात असून जुलैत महाबळेश्वर-कोयनेकडं आभाळ फाटलेलं असतं आणि आम्ही वडूजच्या बाजारात छत्री न घेता फिरतो. तळं भरायचं ते हस्त-चित्रात. त्या वर्षी मात्र सप्टेंबरातच पाऊण भरलं आणि नानांनी दरवर्षीसारखी सांडव्याच्या उंबरठ्यावर मुरूम भरलेली पोती रचली. फूटभर उंच, म्हणजे फूटभर पाणी जास्त. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट "नाना, यंदा पोती लावली का?" असं वस्तीवरचेच लोक विचारायचे.

१४ ऑक्टोबरला दुपारपासून जो पाऊस धरला तो रात्री नऊलाही थांबला नव्हता. आटपाडी, माण, सांगोला, पंढरपूर, सगळ्या दुष्काळी पट्ट्यात त्या दिवशी तेच चाललं होतं. नाना आणि मी टॉर्च घेऊन सांडवा बघायला गेलो. पोत्यांवरून पाणी पडत होतं. तेवढ्यात मला बांधाच्या मागून आवाज आला, नळ बारीक सुटा राहिल्यासारखा. उतरून गेले तर लव्हाळ्याच्या तुकड्यातून, पाइपाच्या तोंडाशेजारी मनगटाएवढी धार येत होती, रंग चहासारखा.

मी म्हटलं, "नाना, पाझर वाढलाय." नाना खाली वाकले, ओंजळीत पाणी घेतलं, टॉर्चखाली धरलं. ओंजळीच्या तळाला माती बसली. म्हणाले, "ह्यो पाझर न्हाय पोरी. बांध चाललाय ह्यातनं." बहात्तरच्या कामावर मुकादमानं शिकवलेलं हेही असणार. मातीचा कुठलाही बांध थोडाफार पाझरतोच. नितळ पाणी आलं तर ते नुसतं पाणी असतं. गढूळ आलं की पाण्याबरोबर आतली माती निघालेली असते, आणि जिथून माती निघाली तिथं आत पोकळी पडलेली असते. पोकळी वाढली की पाणी वाढतं, पाणी वाढलं की पोकळी.

आधी वस्तीवर गेले. सहाही घरं अर्ध्या तासात शाळेच्या व्हरांड्यात आली. एका आजींनी म्हशीशिवाय यायला नकार दिला, तर म्हैसही आली. पोलीस पाटलांना फोन झाला. हे दोन वाक्यांत लिहिलं, पण दारं वाजवताना "आमचा बांध जाईल बहुतेक, उठा" हे तोंडातून निघताना काय वाटलं ते लिहिता येत नाही.

परत आले तर नाना आणि दोन पोरं काळ्या मातीची पोती त्या भोकात कोंबायच्या तयारीत. मला वडूजला राहणारे एक निवृत्त अभियंता आठवले. आयुष्य पाटबंधाऱ्यात गेलेलं, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. सगळे त्यांना साहेब म्हणतात, मीही साहेबच म्हणते. रात्री दहाला फोन लावला, उचलला. पहिलं वाक्य: "तोंड बांधू नका. बाहेरचं तोंड बुजवलंत तर पाणी आत दुसरी वाट काढेल, आणि ती तुम्हाला दिसणार नाही." मग विचारलं, पाइप आहे का बांधातून? व्हॉल्व्ह कुठल्या टोकाला? खालच्या म्हटल्यावर क्षणभर गप्प झाले. म्हणाले, "व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. आत्ताच्या आत्ता."

मला ते उलटंच वाटलं. बांधातून पाणी गळतंय आणि हे म्हणतात आणखी सोडा. पण उघडला, आणि तासाभरात ती चहाची धार करंगळीएवढी झाली. कारण नंतर कळलं. व्हॉल्व्ह खालच्या टोकाला असला की तो बंद असताना अख्ख्या तळ्याचा दाब बांधाच्या पोटातल्या पाइपात कायम बसलेला असतो. आत एखादा सांधा सुटलेला असेल तर तिथून पाणी मातीत फवारतं. वाट मोकळी केली की दाब उतरतो. चावी पाण्याच्या बाजूला असती तर बंद केल्यावर पाइप रिकामा राहिला असता.

मग उलटा फिल्टर. जिथून पाणी येतंय तिथं आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर जाड खडी, त्यावर दगड. पाणी येऊ द्यायचं, माती तेवढी अडवायची. रात्री अकराला वाळू कुठून आणणार? वस्तीवरच एकाचं घर बांधायचं चाललं होतं, त्याच्या दारातली निम्मी ब्रास उचलली, तीही त्यानंच ट्रॅक्टर लावून. ज्याचं घर आमच्या बांधाखाली येणार होतं, त्याच्याच स्लॅबची वाळू आमच्या बांधाला लागली. ती मी नंतर परत केली, पण त्या रात्री त्यानं विचारलंसुद्धा नाही.

सांडव्यावरची पोती मी आणि त्या पोरांनी फेकून दिली. दोन पंप लावले. साहेबांनी फोनवर तेव्हाच सांगितलं होतं की पंपानं जीव शांत होईल, तळं नाही. खरंच होतं. दोन्ही पंप मिळून तासाला लाखभर लिटर काढत होते, म्हणजे हेक्टरभर पाण्याची पातळी तासाला जेमतेम १ सेंटिमीटर. खरं काम पहाटे जेसीबीनं केलं: बांधाला हात न लावता, लांब कडेच्या पक्क्या मुरमात, सांडव्याचाच उंबरठा हळूहळू दोन फूट खाली नेला. दुपारपर्यंत पाणी उतरलं. पाइपाशेजारची धार नितळ झाली ती तिसऱ्या दिवशी.

दिवाळीनंतर साहेब स्वतः आले. आधी काही न बोलता माथ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, मग मधल्या उतारावरून, मग पायथ्यानं. तीन फेऱ्या. मी मागं वही घेऊन. माथ्यावर वेडी बाभूळ माजलेली, पिचिंगचे दगड लाटांनी घसरलेले, उतारावर घुशींची तोंडं, गुरं चढून उतरून पडलेल्या पायवाटांच्या घळी. रोज बघत असलेलं सगळं, पण त्यांनी काठीनं एकेक दाखवल्यावर दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं वाटलं. मग पाणी भरलेली पारदर्शक नळी ताणून माथ्याची पातळी काढली. मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा ४० सेंटिमीटर बसलेला होता. चौतीस वर्षांत बसला, डोळ्यांना कधी दिसला नाही. बरोबर पाइपाच्या वरच बसला होता.

ओट्यावर चहा घेताना त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या मागं गणित मांडलं. ती पत्रिका मी अजून ठेवली आहे. आमच्या ओढ्याला पाणी येतं ते वरच्या माळाच्या शंभर एकरांवरून, म्हणजे ४० हेक्टर. तासाला ७५ मिलिमीटर पडला आणि त्यातलं निम्मं वाहून आलं, तर तळ्यात सेकंदाला ४ हजार लिटरच्या वर पाणी येतं. आमचा सांडवा ३ मीटर रुंद. एवढं पाणी बाहेर जायला उंबरठ्यावर ८७ सेंटिमीटर चढावं लागेल. आणि जेसीबी लागण्याआधीच्या जुन्या उंबरठ्यापासून बांधाचा मधला, बसलेला माथा किती वर? ८० सेंटिमीटर. पोती लावली की ५०.

साहेबांनी पत्रिका नानांपुढं सरकवली. "मातीच्या बांधावरून पाणी गेलं की संपलं. दगडाचा असता तर सोसला असता." नाना म्हणाले, "चौतीस सालात गेलं न्हाय कधी." साहेब म्हणाले, "तेवढा पाऊस एका तासात पडला नाही म्हणून." त्या रात्रीही पडला नव्हता.

सरकारी मदतीचं म्हणाल तर ते लवकर आटपतं. तीन कार्यालयं फिरले. एकानं सांगितलं तुमचा तलाव आमच्या यादीत नाही, दुसऱ्यानं सांगितलं खासगी बांधाला निधी नाही, तिसऱ्यानं अर्ज घेऊन पोच दिली. पुढं २०२१ च्या शेवटी देशाचा धरण सुरक्षा कायदा आला तेव्हा मी आशेनं वाचला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. साडेसहा मीटरवाल्यांचं मालकानं बघायचं. एका अर्थी ठीकच आहे. पण मालकाला बघायचं काय आणि कसं, हे सांगणारं कुणीतरी हवं. सरकारी धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी होते. तीच पद्धत साहेबांनी आम्हाला लावून दिली.

खर्चासाठी नऊ नावांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. त्यातल्या दोघांनी लगेच पाठवले. एकानं लिहिलं, "आमी तर त्या तळ्याचं पानी बघितलं बी न्हाय धा वर्षात." बरोबर आहे त्याचं. पण फुटलं असतं तर त्याचं नावही सातबाऱ्यावर होतंच, हे मी लिहिलं आणि ग्रुपवर चार दिवस शांतता पसरली.

फेब्रुवारीत तळं मोकळं केलं. रब्बीचा कांदा सोडला, हे नानांना सर्वांत लागलं. मग बांध पाइपाच्या रेषेत कापला. सरळ चर नाही, दोन्ही अंगांना पायऱ्या-पायऱ्यांचा उतार ठेवून, नाहीतर नवी माती जुनीला धरत नाही आणि उभ्या भिंती अंगावर येतात. जेसीबीनं पाइपाच्या हातभर वर आणून सोडलं, पुढचं नानांनी स्वतः टिकावानं काढलं. कुणाला हात लावू दिला नाही.

पाइप दिसला तो मुळांत गुंडाळलेला. माथ्यावरच्या वेड्या बाभळीची मुळं साडेपाच-सहा मीटर खाली ओलीच्या मागं येऊन पाइपाला वेटोळं घालून बसली होती. मधला सांधा सुटलेला, दोन बोटं फट. आणि पाइपाच्या खालच्या अंगाला, जिथं गोल पाइपाखाली माती कधी नीट चोपता येतच नाही, तिथं पोकळी. नानांनी पालथं पडून हात घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले, आत बोटांनी चाचपत होते. हात काढला तो ओल्या चिखलानं माखलेला, आणि मागोमाग एक खेकडा चालत बाहेर आला.

पोरं हसली. २०१९ च्या २ जुलैला रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं होतं, ते सगळ्यांनाच आठवलं. नाना म्हणाले, "बघा सायेब, खेकडाच निघाला." साहेब म्हणाले, "निघणारच. ओलाव्याला राहायला आलाय. घर त्याला आपण बांधून दिलं." मग त्यांनी पानशेत काढलं. १२ जुलै १९६१. तिथंही मातीच्या धरणातल्या पाणी सोडायच्या मार्गाचं काम अर्धवट होतं आणि भराव खचला तो त्याच्यावरचा. मातीच्या बांधातून आरपार काहीही नेलं, मग तो पाइप असो की मोरी, तर पाणी त्याच्या अंगानं वाट शोधतं, हे त्यांनी नानांकडं न बघता सांगितलं. नाना पाइपाचा तुटका तुकडा हातात घेऊन बसले होते.

पण चर कापल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली, ती मला पाइपापेक्षा मोठी वाटते. कापलेल्या भिंतीत थर स्पष्ट दिसत होते. मधे काळ्या मातीचा गाभा, खालून वर चढत गेलेला, आणि माथ्याच्या एक मीटर दहा सेंटिमीटर खाली एकदम संपलेला. वर नुसता मुरूम. म्हणजे सांडव्याच्या जुन्या उंबरठ्याच्याही फूटभर खाली. तळं तुडुंब भरलं की वरचं फूटभर पाणी गाभ्याला नाही, मुरमाला टेकून उभं असायचं. मुरूम पाणी अडवत नाही. साहेबांनी टेप लावून दोनदा मोजलं.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या उन्हाळ्यात काळी माती लांबनं आनाय लागत हुती. पैसं थोरल्याच्या लग्नाला गेलं. म्हनलं, एवढं वर पानी कशाला येतंय." दोघं भाऊ वारले, त्यामुळं हे आता फक्त नानांनाच माहीत होतं. आणि त्याच उंचीवर ते दरवर्षी पोती लावत होते.

भरतानाचं काम सावकाशीचं. काळी माती एकटी नको, उन्हात तडकते, म्हणून थोडी मुरमाड माती मिसळून. वीतभरापेक्षा कमी, सहा इंचांचा थर. पाणी मारायचं ते एवढं की मूठभर माती दाबली तर लाडू वळावा, पण हाताला चिकटू नये, टाकला तर दोन तुकडे व्हावेत. फार ओली चोपली तर रबरासारखी उसळते, कोरडी चोपली तर वर घट्ट आणि आत भुसभुशीत. मोकळ्या जागी रोलर, कोपऱ्यात धुमस. पुढचा थर टाकण्याआधी खालचा खरवडून घ्यायचा, नाहीतर थरांच्या मधून पाणी चालतं. जेसीबीवाला दोन दिवसांत करून देतो म्हणत होता, आम्हाला अठरा लागले. लाडू वळून बघायचं काम माझ्याकडं होतं. अठरा दिवस दिवसातून वीस वेळा मातीचा लाडू वळला, संक्रांतीलाही एवढे कधी वळले नसतील.

मधला माथा उचलून सारखा केला. बाभळी तोडल्या, पण नुसत्या तोडल्या नाहीत. बुंधा ठेवला तर मुळं कुजून तिथंच नळ्या पडतात. म्हणून खोडं खणून काढून खड्डे थरांनी भरले. उतारावर हरळी लावली. पायथ्याला चर काढून खडी भरली आणि तिच्या टोकाला एक आखूड पाइप ठेवला, म्हणजे जो काही पाझर असेल तो एका जागी येतो. रानात पाणी न्यायला आता सायफन आहे: बांधाच्या डोक्यावरून नेलेला पाइप. सुरू करताना तोंडं बंद करून पाणी भरावं लागतं, त्यात पंधरा मिनिटं जातात, आणि नाना रोज एकदा तरी म्हणतात की चाक फिरवायला काय वाईट होतं.

सांडवा ८ मीटर रुंद केला, काँक्रीटचा उंबरठा टाकला, आणि तो जुन्यापेक्षा ३० सेंटिमीटर खाली. काळी माती जिथं संपते, त्या उंचीला. यावरून घरात जे झालं ते पाइपावरूनही झालं नव्हतं. हेक्टरभर पाण्याचे ३० सेंटिमीटर म्हणजे ३० लाख लिटर. एका एकराच्या एका भिजवणीला दोनेक लाख लागतात. नानांनी हिशेब बोटांवर केला: "पंधरा भिजवन्या तू वड्याला सोडल्यास." माणदेशाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हे ऐकवत नाही, मलाही ऐकवलं नाही. गाभा उरलेल्या लांबीतही वर चढवून घेतला तर उंबरठा परत उचलता येईल, असं साहेब म्हणाले. त्याचा खर्च ग्रुपवर टाकला आहे. अजून कुणी निळी खूण सोडून काही दिलेलं नाही.

आता वही आहे. दर रविवारी, आणि पावसात रोज, त्याच तीन फेऱ्या. चरीच्या पाइपाखाली १५ लिटरची बादली धरायची आणि भरायला किती सेकंद लागतात ते लिहायचं. तळं भरलेलं असताना ५० सेकंद, म्हणजे दिवसाला २६ हजार लिटर. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण दरवर्षी त्याच पातळीला तेवढंच आहे आणि नितळ आहे. काचेच्या बाटलीत भरून रात्रभर खिडकीत ठेवते, सकाळी तळाला काही बसलं का बघते. खालच्या रानातल्या शेजाऱ्याची मात्र तक्रार आहे. त्याच्या विहिरीचं पाणी कमी झालं. आमच्या फुटक्या पाइपावर त्याची विहीर इतकी वर्षं चालली होती, हे ना त्याला माहीत होतं ना आम्हाला.

गाळ काढायला येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांशीही भांडण ठरलेलं. त्यांना बांधाच्या अगदी बुडातला गाळ हवा असतो, तिथं सर्वांत जाड असतो म्हणून. तो तळाशी अस्तरासारखा बसलेला असतो, तो खरवडला की खालचा मुरूम उघडा पडून बांधाखालून पाणी चालतं. मी खुंट्या रोवून दोरी बांधली आहे, तिच्या अलीकडं ट्रॅक्टर आणायचा नाही.

गेल्या सप्टेंबरात, तळं उंबरठ्याला टेकलं त्या संध्याकाळी वही घेऊन सांडव्याकडं गेले तर काँक्रीटवर तीन पोती. मुरमानं भरलेली, एकाला एक लागून, तोंडाला सुतळीची दुहेरी गाठ. ती गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो. नाना कडेच्या दगडावर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. बहात्तर वर्षांच्या माणसानं ती एकट्यानं कशी आणली असतील कुणास ठाऊक.

मी काही बोलले नाही. चप्पल काढली, पदर खोचला, पाण्यात उतरून एकेक पोतं कडेला ओढलं. ते बघत होते. तिसरं ओढताना सुतळी सुटेना म्हणून मी विळा काढला, तेव्हा म्हणाले, "फाडू नगंस. बाजरीला लागत्यात."